नॉटिंगहॅमचे शिलेदार

स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येतो तो शिलेदार आणि सरकारी पागेतल्या घोड्यावर बसतो तो बारगीर, हा भेद मराठी वाचकाला सांगावा लागत नाही. शिवछत्रपतींनी पागेचा जोर अधिक ठेवला. घोड्याच्या मालकाचे मन थोडे निराळे चालते, हे त्यांनी ओळखले असावे. इंग्लंडातही असे शिलेदार होते. त्यांना 'योमन्री' म्हणत.

१७९४ साली फ्रेंच राज्यक्रांतीच्या धास्तीने परगण्यापरगण्यांतून ही राखीव घोडदळे उभी राहिली. जमीनदार पुढारी, त्यांची कुळे व सुखवस्तू शेतकरी स्वार; घोडा ज्याचा त्याचा. नॉटिंगहॅमशायरचे शेरवुड रेंजर्स त्यांपैकीच एक. फ्रेंच काही आले नाहीत. पोलीस नसलेल्या त्या काळात ही घोडदळे दंगे मोडण्याच्या कामी लागली. १६ ऑगस्ट १८१९ रोजी मँचेस्टरला मताधिकारासाठी जमलेल्या हजारो निःशस्त्र लोकांवर तिथल्या योमन्रीने तलवारी चालवल्या. त्या हल्ल्यापायी पंधराहून अधिक माणसे मेली, शेकडो जखमी झाली. हे स्वार गावातलेच दुकानदार, कारखानदार. ज्यांच्यावर वार केले, त्यांतले काही चेहरे त्यांच्या ओळखीचे असतील! आपल्या मालमत्तेच्या रक्षणासाठी घोड्यावर बसलेला माणूस शेजाऱ्याकडे कोणत्या नजरेने पाहतो, ते येथे दिसले. योमन्रीच्या गौरवग्रंथांत या दिवसाला मोठी जागा मिळत नाही, यात नवल ते काय?

या शिलेदारांची खरी परीक्षा पुढच्या शतकात झाली. ऑगस्ट १९१५ मध्ये घोडे इजिप्तमध्ये ठेवून शेरवुड रेंजर्स गॅलिपोलीला पायदळासारखे लढले. २१ तारखेला कोरड्या खाऱ्या तळ्याच्या उघड्या पात्रातून, तोफांच्या माऱ्याखाली, योमन्रीची पलटणे चालत गेली. टेकडी काही मिळाली नाही.

घोडे पुन्हा मिळाले, आणि पॅलेस्टाइनमध्ये १९१८ साली एक योग जुळून आला. शेरवुड रेंजर्स ज्या १४ व्या ब्रिगेडमध्ये होते, तिच्यातली बाकीची दोन पथके म्हणजे डेक्कन हॉर्स आणि पूना हॉर्स! पूना हॉर्सचा जन्म १८१७ च्या पुणे तहातला. पेशव्याच्या खर्चाने उभे केलेले हे इंग्रजी पथक. तेही शिलेदारी पद्धतीचेच. मात्र १९१८ मधले त्याचे स्वार मुख्यतः राजपुताना आणि पंजाबकडचे. पुण्याचे राहिले ते नाव. नॉटिंगहॅमचा कूळशेतकरी आणि मारवाडचा राठोड शेजारी शेजारी घोड्यांना पाणी पाजत दमास्कसवर चालून गेले. जिंकलेला मुलूख मात्र दोघांपैकी कोणालाच मिळाला नाही.

१९४० मध्ये ही मंडळी शिकारीच्या घोड्यांसह पुन्हा पॅलेस्टाइनला उतरली. वर्ष सरायच्या आत घोडे गेले. मग टोब्रुकला किनाऱ्यावरच्या तोफा आल्या आणि शेवटी रणगाडे. घोडा गेला, पण स्वभाव? त्याचे उत्तर कवी कीथ डग्लसकडे मिळते. ऑक्टोबर १९४२ मध्ये अलामेनची लढाई चालू असताना हुकूम मोडून, मागच्या छावणीतून ट्रक घेऊन तो या पथकात पोचला. घरंदाज सरदारांबद्दल त्याला चीडही होती आणि प्रेमही. त्यांचा कर्नल प्लेयर १९४३ साली ट्युनिशियात पडला. डग्लसने नोंदवले आहे की त्याने शिकारमंडळाला तीन हजार पौंड ठेवले, आणि आपल्या गावच्या चर्चला शिकार मानणारा पाद्री नेमावा असेही लिहून ठेवले. हसू येते. पण तो आघाडीवर मेला, हेही खरे. डग्लस स्वतः ९ जून १९४४ ला नॉर्मंडीत मारला गेला, वय चोवीस. तीनच दिवसांपूर्वी त्याचे पथक रणगाड्यांसह फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरले होते.

१९६७ साली शेरवुड रेंजर्स हे स्वतंत्र पथक राहिले नाही. 'रॉयल योमन्री' या राखीव पलटणीतली ती एक तुकडी झाली. दोनच वर्षांपूर्वी, सप्टेंबर १९६५ मध्ये, पूना हॉर्सचे कर्नल तारापोर सियालकोटच्या रणांगणावर रणगाड्यांच्या लढाईत पडले होते. त्यांना परमवीरचक्र मिळाले. पथकाच्या नावातला 'हॉर्स' आजही तसाच आहे.