दोरीवरचं पातळ

मी बँकेत गृहकर्जाच्या टेबलावर बसतो. या टेबलाचा माणसाच्या रसिकतेवर फार वाईट परिणाम होतो. सिनेमा असो की टीव्हीवरची मालिका, माझं लक्ष नटीच्या आधी तिच्या घराकडे जातं. तिकडे नायक-नायिकेची पहिली नजरानजर चाललेली असते आणि इकडे मी कार्पेट एरिया मोजत असतो. 'तारक मेहता का उल्टा चश्मा' २००८ साली सुरू झाली तेव्हापासून मला एकच प्रश्न छळतो आहे. भिडे मास्तर शिकवण्या घेतात. शिकवण्यांच्या उत्पन्नावर गोरेगावात एवढा हॉल त्यांना कुठल्या बँकेनं मंजूर केला? फॉर्म सोळा कुठे आहे? जामीनदार कोण? आमची ही एकदा वैतागून म्हणाली, "अहो, तुम्हांला मालिका बघायचीय की मंजूर करायचीय?"

पण या खोडीतूनच माझा एक सिद्धांत तयार झाला आहे. वाचकहो, गेल्या शतकात आपण सिनेमा-नाटकांत जे पोट धरधरून हसलो, त्याचे खरे आश्रयदाते कोण? लेखक? नट? छे! १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा!

हा कायदा मी बढतीच्या परीक्षेसाठी वाचला. परीक्षेत नापास झालो. पास झालेला माणूस वाचलेलं लगेच विसरतो, माझं मात्र सगळं शाबूत आहे. दुसऱ्या महायुद्धात जागांचे भाव कडाडले, तेव्हा भाडेकरूला जगवायला सरकार धावलं. १ सप्टेंबर १९४० ला जागेचं जे भाडं होतं ते प्रमाण धरलं. भाडं वाढवायचं नाही, भाडेकरूला सहजासहजी काढायचं नाही. हेतू उत्तमच होता. पण हिशेबाच्या वहीत जमेची बाजू अशी गोठली आणि खर्चाची वाढत गेली, की काय होतं ते बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाचं पोरही सांगेल. मालकानं आधी रंग देणं बंद केलं, मग डागडुजी बंद केली आणि शेवटी जागा भाड्यानं देणंच बंद केलं. दिलीच तर टेबलाखालून पागडी घेऊन. त्यावर १९७३ साली आणखी एक दुरुस्ती आली. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जो नुसता परवानगीनं, 'लीव्ह अँड लायसन्स'वर राहत होता, तोही कायद्यानं भाडेकरू ठरला. झालं! त्या दिवसापासून घरमालकाला दारात आलेला प्रत्येक होतकरू तरुण घरजावयासारखा दिसू लागला. खोली द्यायची म्हणजे मुलगी देण्यापेक्षा कडक चौकशी. गाव कुठलं, नोकरी कायम आहे का, आणि मुख्य म्हणजे कुटुंब आहे का? एकटा माणूस नको. तो मित्र आणतो, रात्री उशिरा येतो. हा कायदा जाऊन नवा कायदा लागू झाला तो ३१ मार्च २००० ला. म्हणजे त्रेपन्न वर्षं. तेवढ्यात विनोदी वाङ्मयाच्या दोन पिढ्या पोसल्या गेल्या.

खोटं वाटतं? 'बटाट्याची चाळ' १९५८ ची. त्या बिऱ्हाडांना प्रत्येकी दोन बेडरूमचा फ्लॅट द्या, काय उरतं पुस्तकात? १९७० चा 'मुंबईचा जावई' घ्या, की त्याच्यावरून बासू चटर्जींनी १९७२ साली केलेला 'पिया का घर' घ्या. नवं लग्न झालेल्या जोडप्याला दोन शब्द बोलायला जागा नाही, एवढंच कथानक! जया भादुरी बिचारी संसार मांडते तो स्वयंपाकघरात. लोक हसत होते, आणि हसणाऱ्यांतले निम्मे स्वतः स्वयंपाकघरातच झोपत होते. १९७७ च्या 'घरौंदा'त हसू संपलं. फ्लॅटसाठी पैसे साठवणारं जोडपं आणि पळून गेलेला बिल्डर. १९८३ च्या 'जाने भी दो यारो'त तो बिल्डर थेट खलनायक होऊन आला, आणि सतीश शाहांनी प्रेताच्या भूमिकेत जिवंत नटांना मागे टाकलं. १९८६ साली दूरदर्शनवर 'नुक्कड' आली. तिच्यातल्या मंडळींचा संसार रस्त्याच्या कोपऱ्यावरच. अमेरिकेत हीच तऱ्हा. तिथं १९९४ साली सुरू झालेल्या 'फ्रेंड्स' मालिकेतल्या मोनिकाला न्यूयॉर्कमध्ये तेवढा मोठा फ्लॅट परवडतो कसा, तर तो तिच्या आजीच्या नावावर जुन्या नियंत्रित भाड्यात चालू असतो म्हणून. हे कळलं तेव्हा मला ती परकी पोरं एकदम गिरगावातली वाटायला लागली.

आणखी एक गंमत बघा. या जागाटंचाईच्या विनोदात चमकलेली माणसं कुठून आली? अमोल पालेकर बँक ऑफ इंडियात नोकरीला होते. अशोक सराफ स्टेट बँकेत. १९८८ साली आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतला कारकून 'वागळे की दुनिया'त उभा करणारे अंजन श्रीवास्तव अलाहाबाद बँकेत. हा योगायोग नव्हे हो! काउंटरच्या या बाजूला बसलं की जाळीपलीकडे रोज शंभर चेहरे येतात आणि प्रत्येकाला काहीतरी हवं असतं. अभिनयाची याहून चांगली शाळा नाही. आता, त्याच काउंटरवर बसून मी नट झालो नाही, यात बँकेचा दोष नाही.

तर हे सगळं ज्या शिखरावर जाऊन पोचतं त्याचं नाव 'अशी ही बनवाबनवी'. साल १९८८, दिग्दर्शक सचिन, लेखणी वसंत सबनिसांची. मूळ गोष्ट बरीच फिरून आलेली. १९५५ साली बंगालीत 'जय मा काली बोर्डिंग', १९६६ साली हृषीकेश मुखर्जींचा हिंदी 'बीवी और मकान', आणि मग आपल्याकडे. पण बनवाबनवी बघताना ती परकी वाटतच नाही. एकाच्या खोलीत चौघं सापडतात, मालक बाहेर काढतो, दुसरी जागा मिळते ती जोडप्यांनाच. मग लक्ष्मीकांत बेर्डेची पार्वती होते आणि सचिनची सुधा. आमच्याकडे गणपतीत हा सिनेमा लागला की घरातली सगळी माणसं नटांच्या आधी संवाद म्हणतात. मी मात्र आजही म्हणतो, की त्यातला सर्वांत मोठा नट अशोक सराफ. कारण बाकीचे साड्या नेसतात आणि हा पठ्ठ्या नुसत्या चेहऱ्यावर घरमालकिणीला सांभाळतो. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मला विचाराल तर निव्वळ भाडेकरूंच्या वतीनंही एक पदक द्यायला हवं होतं.

हा सिनेमा मी पहिल्यांदा पाहिला तो १९९० च्या गणपतीत, डोंबिवलीत, आमच्या वाडीत भाड्यानं आणलेल्या व्हीसीआरवर. मी नऊ वर्षांचा. ओटीवर टीव्ही, अंगणात सतरंज्या. पार्वतीबाई पडद्यावर आल्या आणि अख्खी वाडी फुटली. आईही तोंडाला पदर लावून हसत होती. हसता हसता ती एकदम उठली आणि घरात गेली. अण्णा सिनेमा बघायचे सोडून आमच्या दाराकडे बघत बसले. मला वाटलं, दूध उतू गेलं असेल.

दूध नव्हतं ते. अण्णा गेल्यावर एकदा आईनं सांगितलं. अण्णा राजापूरकडून आलेले. फोर्टात कारकून, झोपायला लालबागच्या गाळ्यात गाववाल्यांबरोबर. म्हणजे अंथरूण एक आणि पाळ्या तीन. लग्न १९७९ चं. डोंबिवलीत खोली मिळत होती, पण अट एकच, कुटुंब पाहिजे. आणि कुटुंब तर राजापुरात, आजी अंथरुणाला खिळलेली, तिला सोडून येता येईना. खोली सोडली असती तर पुन्हा कधी? अण्णांनी मालकीणबाईंना सांगितलं, "कुटुंब आलंय, जरा नाजूक आहे, बाहेर फारसं पडत नाही." मग स्टेशनाजवळच्या दुकानातून बावीस रुपयांचं एक आकाशी पातळ आणलं. दर गुरुवारी आणि रविवारी ते धुवायचं आणि सगळ्यांना दिसेल असं दोरीवर घालायचं. आठ महिने! ज्या माणसानं जन्मात स्वतःचा शर्ट धुतला नव्हता तो एका न नेसलेल्या पातळाला साबण लावत होता.

१९८० साली आई आली. अण्णांनी ते पातळ तिच्या हातात दिलं. एकदाही अंगाला लागलेलं नव्हतं आणि उन्हानं विटून पार पांढरं पडलं होतं. दुसऱ्या दिवशी आईनं ते वाळत घातलं, तेव्हा मालकीणबाई खिडकीतून म्हणाल्या, "आलीस होय खरी? इतके दिवस पातळ धोतरासारखं वाळत पडायचं. म्हटलं, ही कसली गं नाजूक!" बाईंना पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. भाडं वेळेवर येत होतं, म्हणून गप्प.

आई म्हणाली, "सगळी हसत होती ना, म्हणून मीही हसले. मग एकदम ते आठ महिने आठवले. मी तिथं, हे इथं, आणि मध्ये ते पातळ."

आता आम्ही सोसायटीत राहतो. मी बँकेतला, म्हणून खजिनदार. गेल्या महिन्यात सर्वसाधारण सभेत ठराव आला की, भाड्यानं द्यायचं तर फक्त कुटुंबालाच. सेक्रेटरी तावातावानं बोलले. समोरच्या विंगेत नांदेडकडचा एक मुलगा अकरा महिन्यांच्या करारावर राहतो. बायको शिकायला गावी आहे म्हणतो. चौकशीचं काम माझ्याकडे आलं. मी गेलो. एक गादी, एक लॅपटॉप, गॅलरीत एक टॉवेल. काय विचारायचं होतं ते मी विसरलो. निघताना एवढंच म्हणालो, "बाबा रे, गॅलरीत नुसता टॉवेल दिसतो."

पोरगा हुशार निघाला. दुसऱ्या दिवशी तिथं एक गुलाबी ओढणी वाळत होती. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशीही. मी तपासणीचा अहवाल लिहायला बसलो होतो. आई खिडकीशी उभी होती. बराच वेळ ती समोर बघत राहिली आणि मग मला म्हणाली,

"त्याला सांग रे, रोज धुऊ नको म्हणावं. विटते."