शिंकं, बोका आणि आपण

'शिंक्याचं तुटलं नि बोक्याचं फावलं' ही म्हण आपण आयत्या संधीवर टोमणा मारायला वापरतो. पण त्यातलं शिंकं जरा बघा. दुधात तोंड घालणाऱ्या बोक्याला शिस्त लावत कुणी बसलं नाही. भांडं उंच टांगलं, विषय संपला! आमच्या धंद्यात याला म्हणतात, युजरला नावं ठेवू नका, डिझाईन बदला :)

आमचं मेढा म्हणजे जावळी तालुक्याचं ठिकाण, वेण्णेच्या काठी, भाताचा मुलूख. धान्य आलं की उंदीर येतो, उंदीर आला की मांजर. ही साखळी फार जुनी आहे. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेलं सुमारे ९५०० वर्षांपूर्वीचं मांजर सापडल्याचं २००४ साली जाहीर झालं. कोठारातल्या उंदरांमागे रानमांजरं वस्तीला आली आणि राहिली, असं संशोधक मानतात. बैलाला औताला शिकवावं लागतं. मांजराला कामाचं काही शिकवावंच लागलं नाही.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढे गावोगाव पसरला, तेव्हा या कामाला डॉक्टरांनीही दाद दिली. भारतीय वैद्यकीय सेवेतल्या अँड्र्यू ब्यूकॅनन यांनी १९०८ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लिहिलं, की प्लेग रोखायला मांजरं पाळा. आज आपल्याला माहीत आहे की मांजरालाही प्लेग होतो, म्हणजे उपाय बिनधोक नव्हता. असो.

आता हेच मांजर तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणा. मेढ्यात परसातली माती उकरून ते आपलं उरकायचं. इथे माती कुठली? अमेरिकेत एड लोव यांनी मांजरासाठी कोरडी चिकणमाती विकायला सुरुवात केली ती १९४७ साली. म्हणजे साडेनऊ हजार वर्षांच्या संसारात घरातला हा विकतचा 'संडास' कालपरवाचा!

'शिकवण्या'चा इतिहासही मजेशीर आहे. १९४६ साली गथ्री आणि हॉर्टन या मानसशास्त्रज्ञांनी मांजरं पेटीत ठेवून प्रयोग छापले. आतल्या दांड्याला धक्का लागला की दार उघडे. मांजरं पुन्हा पुन्हा त्याच ढंगात अंग घासून बाहेर येत. निष्कर्ष निघाला, मांजर ही हालचाल शिकलं. १९७९ साली मूर आणि स्टटर्ड यांनी तपासलं, तर दार उघडो न उघडो, बक्षीस मिळो न मिळो, समोर माणूस दिसला की मांजर दांड्याला अंग घासतंय. माणूस नसेल तर घासत नाही. ते बिचारं नमस्कार करत होतं, आणि शास्त्रज्ञ त्याला धडा समजत होते!

आपणही हेच करतो. मांजरानं गादीवर घाण केली की 'मुद्दाम करतंय' म्हणून फटका देतो. त्यातून ते एवढंच शिकतं की हा माणूस धोक्याचा. पुण्याच्या एका मित्रानं मला विचारलं, "बोका मेढ्याला सोडून येऊ का? गावात मजेत राहील." मी स्पष्ट नाही म्हटलं. घरात वाढलेल्या बोक्याला तिथे कुत्री आहेत आणि आपापली हद्द राखणारे गावचे बोके आहेत. मजा कसली?

पोत्यात घालण्याआधी शिंक्याचा विचार करा. पहिलं म्हणजे डॉक्टर. बोका कुंथतोय आणि लघवी होत नाही, तर तातडीनं न्या, त्यात जीव जाऊ शकतो. भिंतीवर फवारत असेल तर नसबंदीनं बहुतेकदा थांबतं. मातीचं घमेलं रोज साफ हवं, जेवणाच्या ताटलीपासून लांब हवं, आणि मांजरांपेक्षा एक जास्त हवं. सोफा ओरबाडतोय? शेजारी काथ्या गुंडाळलेला खांब उभा करा. त्याला नखं लावली की लगेच खाऊ द्या. लगेच म्हणजे लगेच, पाच मिनिटांनी दिलेला खाऊ कशाबद्दल हे त्याला कळत नाही.

मित्राच्या घरात दोन घमेली आली आहेत. बोका अजून पुण्यातच आहे.