नातेखिंड आणि नकाशावरील रेषा

महाडहून रायगडास जाणारा प्रवासी मुंबई-गोवा रस्ता जेथें सोडतो, त्या जागेला नातेखिंड म्हणतात. पुढें नाते, मग कोंझर, मग पाचाड, आणि त्यानंतर गडाची चढण. नाते हें नांव शहरांतील सुशिक्षितांना ठाऊक असतें तें बहुधा चिंतामणराव देशमुखांमुळें. रिझर्व्ह बँकेचे हे पहिले भारतीय गव्हर्नर १४ जानेवारी १८९६ रोजीं तेथें जन्मले. परंतु त्या नांवाला जोडलेल्या ‘खिंड’ या शब्दाकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. दोन उंचवट्यांच्या मधोमध जमीन खोलगट होऊन जेथें वाट देते, ती खिंड. ज्यानें हें नांव ठेविलें त्यानें जमीन वाचली होती. नकाशे काढणारे पुष्कळ नंतर आले.

त्यांनाही डोंगर कागदावर कसा आणावा हें बराच काळ साधलें नव्हतें. जुन्या नकाशांत डोंगर बाजूनें पाहिल्यासारखे, एकापुढें एक वारुळें मांडावीं तसे काढीत. पुढें उताराच्या दिशेनें बारीक रेघोट्या ओढण्याची रीत आली. तिनें उतार दिसे, उंची समजत नसे. समान उंचीचीं ठिकाणें रेषेनें जोडण्याची कल्पना डोंगरावर प्रथम यशस्वी झाली ती स्कॉटलंडमध्यें. १७७४ सालीं शिहॅलियन नांवाच्या डोंगरावर पृथ्वीची घनता काढण्याचा प्रयोग झाला, आणि त्या डोंगराच्या वस्तुमानाचा हिशेब चार्ल्स हटन या गणितज्ञाकडे आला. आंकड्यांच्या गर्दींतून वाट काढण्यासाठीं त्यानें सारख्या उंचीचे बिंदु रेषांनीं जोडले. वाटसरूच्या उपयोगी पडणारी ही युक्ति मूळची हिशेबनिसाची सोय होय!

हिंदुस्थानांत सर्वेक्षण खातें १७६७ मध्यें निघालें; १८०२ मध्यें लॅम्बटननें मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणमितीच्या महान मापनास आरंभ केला. समोच्चदर्शक रेषांचीं रंगीत पानें मात्र विसाव्या शतकांतलीं. त्यांतील ‘४७ एफ/८’ या पानावर महाड, नाते, पाचाड आणि रायगड हीं सर्व एकत्र सांपडतात. पूर्वी एक इंचास एक मैल असें प्रमाण असे. आतां एकास पन्नास हजार, म्हणजे दोन सेंटिमीटरांस एक किलोमीटर, आणि दोन रेषांमधील उंचीचें अंतर २० मीटर.

अशी रेषा म्हणजे काय, हें महाडकराला निराळें शिकवावें लागत नाहीं. पूर ओसरला कीं घरांच्या भिंतींवर गढूळ पाण्याचा पट्टा उमटलेला राहतो. कोणाच्या घरीं तो उंबऱ्याशीं असतो, कोणाच्या घरीं माळ्याशीं, पण आळींतील सगळ्या घरांवर पातळी एकच. तें पाणी वीस-वीस मीटरांनीं चढत गेलें आणि प्रत्येक वेळीं डोंगराच्या अंगावर आपली खूण ठेवून गेलें, अशी कल्पना केली कीं नकाशा समजला. समुद्रसपाटीपासून सुमारें ८२० मीटर उंच असलेल्या रायगडाच्या माथ्यापर्यंत अशा ४१ खुणा होतील.

आतां त्या खुणा गांवकऱ्यांच्या शब्दांशीं ताडून पाहाव्या. बंद वर्तुळांचे दोन पुंजके शेजारीं असून त्यांच्यामध्यें रेषा दोन्ही बाजूंनीं आंत दबल्या असतील, तर ती खिंड. एकमेकींना जवळजवळ चिकटलेल्या रेषा म्हणजे कडा. टकमक टोंकाखालीं त्या तशाच होतात. दाट रेषांच्या कड्याआंत एकाएकीं मोकळी जागा दिसली तर तें पठार. रायगडाचा माथा असाच आहे, आणि म्हणूनच तेथें राजधानी वसूं शकली. सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून खोल दरीनें तुटलेला हा डोंगर. पूर्वेस काळ नदी, पश्चिमेस गांधारी.

खरी फसगत होते ती सोंड आणि घळ यांत. दोन्ही ठिकाणीं रेषा वळून कोन करितात, आणि नवशिक्याला ते सारखेच दिसतात. कोनाचें टोंक उतरणीकडे असेल तर सोंड, चढाकडे असेल तर घळ. फरक एवढाच, पण पावसाळ्यांत धुकें उतरल्यावर तो जिवावर बेततो. सोंडेवरून उतरणाऱ्याला दोहों बाजूंचा अंदाज राहतो. सोंड समजून घळींत शिरलेला मनुष्य थोड्याच वेळांत धबधब्याच्या माथ्यावर येऊन उभा राहतो, आणि तेथून खालीं जाववत नाहीं व वरही चढवत नाहीं. गुराख्याकडून ही चूक होत नाहीं, कारण त्याला दोन जागांना दोन शब्द आहेत.

नकाशाची मर्यादाही येथेंच ध्यानीं घ्यावी. दोन रेषांमध्यें जें दडतें तें त्याला सांगतां येत नाहीं. पंधरा मीटरांचा सरळ तुटलेला खडक त्या वीस मीटरांत सहज लपतो, आणि कड्यांतली एखादी अरुंद कपारही. गडाचे दरवाजे बंद झाले असतां तान्ह्या बाळासाठीं कडा उतरून गेलेल्या हिरकणीची कथा ही परंपरेची कथा आहे; परंतु कडा नुसता पाहणारा आणि रोज त्याच्या अंगाखांद्यावर वावरणारा यांच्या ज्ञानांतील अंतर ती नेमकें दाखविते.

कड्यांचा भरंवसाही एका मर्यादेपर्यंतच होता. १८१८ मध्यें कर्नल प्रॉथरच्या हाताखालील इंग्रजी फौजेनें गडाला वेढा घातला. कडे चढण्याच्या भरीस न पडतां शेजारच्या पोटल्याच्या डोंगरावरून तोफांचा मारा केला, असें सांगतात. गडावर आग भडकली आणि १० मे रोजीं रायगड पडला. माणसाला अडविणारा उतार तोफगोळ्याला अडवीत नाहीं. वेढा घालणाऱ्यांनीं गडाबरोबर त्याचे शेजारीही वाचले होते.

नकाशावरील निळ्या रेषांकडे पाहिलें तर महाडचें दुखणेंही उघड होतें. महाबळेश्वरीं उगम पावून पोलादपुरावरून येणारी सावित्री, तसेंच गांधारी आणि काळ, या सर्व महाडच्या परिसरांत एकत्र येतात. शहर जेमतेम समुद्रसपाटीच्या वर. खालून भरती, वरून पूर. आणि या खोऱ्याच्या कडेला, जेथें दाट रेषा एकदम विरळ होतात, तेथें वाड्या वसल्या आहेत. त्यांत नवल नाहीं. पाणी जवळ, भातापुरती सपाट जमीन, पाठीशीं रान. तीच जागा दरडीच्या वाटेवरचीही असूं शकते. जुलै २००५ मध्यें दासगांव, जुई, रोहन व कोंडिवते या महाड तालुक्यांतील गांवांवर दरडी कोसळून मोठी प्राणहानी झाली. २२ जुलै २०२१ रोजीं तळिये येथें वरचा डोंगर खचून ऐंशींहून अधिक माणसें गेलीं. त्या वेळीं महाड शहर पाण्याखालीं होतें, रस्ते बंद पडले होते, आणि मदत घेऊन निघालेल्यांना तळियेस पोंचण्यास विलंब झाला.