मोक्षपटावरचे वैकुंठ

सापशिडी हा खेळ ज्ञानोबा माउलींनी तयार केला, असा मजकूर वारीच्या दिवसांत हमखास हातोहात फिरतो. माउलींचे घराणे पैठणजवळच्या आपेगावचे, म्हणजे आमच्याच संभाजीनगर जिल्ह्यातले. म्हणून इकडे तो जरा जास्तच अभिमानाने वाचला जातो. परंपरा तसे मानते. मात्र आज हाती असलेले पट बहुतेक अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले आहेत आणि ज्ञानेश्वरी आहे शके 1212 ची. मधली शतके रिकामी आहेत. तेव्हा पटावर कुणाचे नाव घालायचे यापेक्षा पट काय सांगतो ते आधी पाहावे.

त्याहून जुना खेळ द्यूताचा. वेरूळच्या रामेश्वर आणि धुमार लेण्यांत शिवपार्वती तो खेळताना कोरले आहेत. (कैलास पाहून घाईने परतणाऱ्यांची ही दोन्ही लेणी राहून जातात.) पुढच्या सारीपाटात दान दैवाचे, पण कोणती सोंगटी चालवायची हे खेळणारा ठरवतो.

मोक्षपट रचणाऱ्याने तो अधिकारच काढून घेतला. एकाला एकच सोंगटी. दान पडेल तितकी घरे चालायची. सद्गुणाच्या घरी शिडी, दुर्गुणाच्या घरी साप. चातुर्याला वाव नाही, म्हणून पंडित आणि पोर बरोबरीने बसतात. हाती उरते ते घराचे नाव वाचणे. सोंगटी सापाच्या तोंडी गेली की लेकरू विचारणारच, "आजी, मत्सर म्हणजे काय गं?"

72 घरांच्या वैष्णव पटाची एक खुबी मला फार मोलाची वाटते. तिथे वैकुंठ शेवटच्या घरात नसते, 68 व्या घरात असते. दान जास्त पडले तर सोंगटी वैकुंठाच्या दारावरून पुढे निघून जाते. 72 वे घर तमोगुणाचे. तिथला साप तिला पुन्हा खाली आणतो. चढत गेलो म्हणजे पोचलो असे नाही, हे कीर्तनात तासभर समजवावे लागते. इथे एका दानात कळते.

1892 च्या सुमारास हा खेळ इंग्लंडच्या बाजारात आला. पुढे घरांची नावे पुसली गेली, 1 ते 100 आकडे राहिले आणि जिंकण्याचे घर शेवटचे झाले. 1943 मध्ये अमेरिकेत सापांच्याही घसरगुंड्या झाल्या. 1972 साली टीव्हीला जोडायचा पहिला घरगुती खेळ, मॅग्नाव्हॉक्स ओडिसी, तिथेच निघाला. त्याला आवाज नव्हता, गुण हाताने मांडायचे, पडद्यावर रंगीत प्लास्टिकचे पट चिकटवायचे. खोक्यात फासे होतेच!

आपल्या माजघरात किंवा फडाच्या पेटीत एखादा जुना कापडी पट असेल, तर तो जीर्ण झाला म्हणून गंगेत सोडू नका. शाई उडण्याआधी घरांची नावे क्रमाने उतरवून घ्या, आणि कोणता साप कुठून कुठे उतरतो तेही.