जनुकवाहक बहुवारिके

डीएनए किंवा आरएनए जिवंत पेशीत पोचवण्यासाठी रचलेली, बहुधा धनभारित अशी कृत्रिम बहुवारिके, म्हणजेच पॉलिमर. जनुकोपचार, आरएनएवर आधारलेली औषधे व लसी यांच्या संशोधनात ती वापरली जातात. पेशींकडून हवे ते प्रथिन तयार करून घेण्यासाठीही त्यांचा उपयोग होतो.

नुसता डीएनए पेशीत सहजी शिरत नाही. त्याच्या प्रत्येक न्यूक्लिओटाइडावर फॉस्फेटाचा एक ऋणभार असतो आणि पेशीचा बाह्य पृष्ठभागही ऋणभारितच असतो. आकाराचीही अडचण आहे. ५,००० बेसजोड्यांच्या प्लाझ्मिडाची, म्हणजे वर्तुळाकार डीएनएची, लांबी उलगडून मोजली तर सुमारे १.७ मायक्रोमीटर भरते. शिवाय रक्तातील विकरे त्याचे तुकडे करतात. पेशीत शिरण्याची वाट विषाणूंना उपजतच ठाऊक असल्यामुळे जनुकोपचाराने आधी त्यांचाच आधार घेतला. मात्र सप्टेंबर १९९९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील चाचणीत अडेनोविषाणू वाहक दिल्यानंतर जेसी गेल्सिंगर हा अठरा वर्षांचा तरुण दगावला. त्यानंतर विषाणूविरहित वाहकांचा शोध अधिक निकडीचा झाला.

हा शोध त्याआधीच सुरू झाला होता. १९६५ मध्ये डीईएई-डेक्स्ट्रान या धनभारित शर्करा-बहुवारिकाच्या साहाय्याने पोलिओ विषाणूचा आरएनए पेशींत घालण्यात आला. १९८७ मध्ये जॉर्ज वू व कॅथरीन वू यांनी पॉलिलायसिनाला यकृतपेशी ओळखून घेतील असे प्रथिन जोडले आणि त्यावर डीएनए बांधला. धनभारित साखळी व ऋणभारित डीएनए एकत्र आले की सुमारे ५० ते २०० नॅनोमीटर आकाराचे घट्ट कण बनतात. त्यांना पॉलिप्लेक्स म्हणतात. बहुवारिकातील नायट्रोजन व डीएनएतील फॉस्फेट यांचे प्रमाण किती ठेवावे, यावर कणाचा आकार, भार आणि विषारीपणा बऱ्याच अंशी ठरतो.

पेशी असा कण गिळते, पण त्याने काम साधत नाही. कण एंडोसोम नावाच्या पटलबंद पिशवीत अडकतो. ही पिशवी हळूहळू आम्ल होत जाते आणि शेवटी तिच्यातील माल पचवला जातो. पॉलिलायसीन बहुतेक वेळा इथेच अडते. १९९५ मध्ये स्ट्रासबुर्ग येथील झां-पॉल बेर यांच्या गटाने पॉलिइथिलीनइमाइन (पीईआय) पुढे आणले. कागदनिर्मितीत आधीपासून वापरात असलेल्या या पदार्थाच्या साखळीत दर तिसरा अणू नायट्रोजनाचा असतो. शरीराच्या सर्वसाधारण पीएचला त्यांतील थोड्याच नायट्रोजनांवर भार असतो. उरलेले एंडोसोमातील प्रोटॉन शोषत राहतात. पेशी आणखी प्रोटॉन आत ढकलते, त्यामागोमाग क्लोराइड व पाणी येते, पिशवी फुगते आणि फुटते. ही ‘प्रोटॉन स्पंज’ उपपत्ती. २००३ मधील मोजमापांत क्लोराइडाचा साठा व पिशवीचे फुगणे दिसून आले. २०१३ मधील मोजमापांत मात्र पीईआयमुळे लायसोसोमाचा, म्हणजे जिथे माल पचवला जातो त्या पिशवीचा, पीएच बदललेला आढळला नाही. बहुवारिक पटलाला थेट छिद्रे पाडत असावे, असेही एक मत आहे. पाठ्यपुस्तके ही उपपत्ती अनेकदा सिद्ध झाल्यासारखी मांडतात. तेवढा भरवसा तिच्यावर ठेवणे योग्य नाही.

पीईआयचा दोष त्याच्या गुणातच आहे. भार जितका जास्त आणि साखळी जितकी लांब, तितका डीएनए चांगला बांधला जातो आणि तितकीच पेशीपटले दुखावतात. त्यातून कार्बन-नायट्रोजनाची ही साखळी शरीरात सहज तुटत नाही. म्हणून या क्षेत्रातला खरा प्रश्न बांधण्याचा नाही, सोडण्याचा आहे. पेशीबाहेर माल घट्ट धरणारे बहुवारिक आत गेल्यावर तो सोडून देईल आणि स्वतःही विरून जाईल, अशी रचना कशी साधायची?

त्याची एक दिशा २००० मध्ये एमआयटीत डेव्हिड लिन व रॉबर्ट लँगर यांनी दाखवलेल्या पॉलिबीटाअमिनोएस्टरांतून मिळाली. त्यांतील एस्टर बंध पाण्याने तुटतात. डायअॅक्रिलेट व अमाइन एकत्र केले की हे बहुवारिक तयार होते. इतकी सोपी कृती असल्यामुळे २००३ मध्ये त्याच गटाने २,३५० बहुवारिकांचा संच यंत्रांच्या मदतीने बनवून तपासला. दुसरा उपाय डायसल्फाइड बंधांचा. पेशीच्या आत ग्लुटाथायोन बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त असल्याने हे बंध तिथेच तुटतात. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने याहून नेटकी वाट दाखवली. त्यांच्या बहुवारिकाची धनभारित साखळी आपोआप पुनर्रचना होऊन उदासीन रेणूंत मोडते आणि एमआरएनए (प्रथिनाचा संदेश वाहणारा आरएनए) मोकळा होतो. माझ्या मते आजवरच्या रचनांत ही सर्वांत विचारपूर्वक केलेली आहे.

रक्तातून जाताना धनभारित कणांना प्रथिने चिकटतात. ते टाळण्यासाठी कणाभोवती पॉलिइथिलीन ग्लायकॉलचे आवरण देतात. जपानमधील काझुनोरी काताओका यांनी असे आवरण साखळीतच गुंफलेले मायसेल विकसित केले. मात्र याच आवरणामुळे पेशीत शिरणे व एंडोसोमातून सुटणे अवघड होते. कॅलटेकचे मार्क डेव्हिस यांनी सायक्लोडेक्स्ट्रिनयुक्त बहुवारिकाचे, ट्रान्सफेरिन जोडलेले कण बनवले. त्यांतून एसआयआरएनए (ठरावीक एमआरएनए तोडायला लावणारा छोटा आरएनए) रुग्णांच्या कर्करोगाच्या गाठीत पोचून ठरल्या जागी एमआरएनए तुटल्याचा पुरावा २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ते औषध बाजारापर्यंत गेले नाही.

औषधांत बहुवारिकांपेक्षा लिपिड नॅनोकण, म्हणजे मेदरेणूंचे सूक्ष्म कण, पुढे निघून गेले. २०१८ मध्ये पॅटिसिरान या एसआयआरएनए औषधाला आणि नंतर कोविडच्या एमआरएनए लसींना त्यांच्यामुळेच वाट मिळाली. आम्लात भार घेणारा आणि एरवी उदासीन राहणारा रेणू हे त्यांचेही सूत्र. एंडोसोमातून सुटका त्यांनाही पुरती साधलेली नाही: २०१३ मधील एका मोजणीत एसआयआरएनएचा जेमतेम १ ते २ टक्के भाग पेशीद्रवात पोचलेला आढळला. डीएनएला त्यापुढे केंद्रकातही जावे लागते. एमआरएनएला ती गरज नाही.

पीईआयचा मोठा वापर आज कारखान्यांत होतो. जनुकोपचारासाठी एएव्ही (अडेनो-सहयोगी विषाणू) वाहक बनवताना मानवी एचईके २९३ पेशींत बहुधा तीन प्लाझ्मिडे एकाच वेळी घालावी लागतात, आणि त्यासाठी हेच बहुवारिक सर्रास वापरले जाते.