आपल्या गावाचे गोडाचे दिवस

स्मरणिकेसाठी गावाच्या इतिहासावर काही लिहावे, अशी आज्ञा समितीच्या मंडळींनी केली. प्रस्तुत लेखक तहसील कचेरीतील एक साधा लिपिक. शिक्षण एस.एस.सी.पर्यंत. सातबारा, फेरफार आणि शिधापत्रिका यांपलीकडे आपला इतिहासाशी संबंध नाही, असे सांगून पाहिले. तेव्हा एक वडीलधारे हसून म्हणाले, “मंग गावात काय खात होते तेवढं तरी लिव्ह.” मी ते शब्दशः घेतले. हा राजेरजवाड्यांचा इतिहास नाही, गुळाचा आणि पुरणाचा आहे. सुज्ञ ग्रामस्थ व देणगीदार बंधू-भगिनींनी तो गोड मानून घ्यावा.

असोद्याहून जळगाव अवघे पाच-सहा किलोमीटर. आज मनात आले की मोटारसायकलला किक मारून पेढ्याचा पुडा आणता येतो. माझ्या लहानपणी तसे नव्हते. गोड हे मनात आले म्हणून होत नसे, सण आला म्हणून होई. त्यामुळे घरातल्या पोरांना पंचांग पाठ असे. अमावास्या आली की पोळा, पोळा आला की पुरण, एवढे गणित शाळेत न जाणाऱ्यालाही येत होते.

आपल्या खानदेशात गोडाचा पहिला मान मांड्यांचा. परगावच्या देणगीदारांसाठी सांगतो, मांडा म्हणजे पुरणाचीच पोळी, परंतु खापरावर भाजलेली. त्यासाठी गहू ओलवून दळायचे, पीठ वस्त्रगाळ करायचे, मग पाणी लावून लावून ते इतके तिंबायचे की ताणले तरी तुटू नये. दोन पाऱ्यांमध्ये पुरण भरून कडा दाबायच्या, थोडे लाटायचे आणि मग दोन्ही हातांवर घेऊन फिरवत फिरवत वाढवायचे. कोपरापर्यंत हात झाकले जात. चुलीवर पालथे घातलेले मातीचे खापर, खाली पऱ्हाट्यांचा भडका. एका झटक्यात मांडा खापरावर पडला पाहिजे. चुकला तर दोन्ही वाया. एक बाई पुरण वाटणारी, एक भरणारी, एक हातावर घेणारी, एक जाळ सांभाळणारी, एक घड्या घालणारी. म्हणजे एका घरच्या मांड्यांना चार घरच्या बायका लागत. ज्या घरी मांडे, त्या घरी गल्ली गोळा होई ती केवळ जिव्हाळ्याने नव्हे, गरजेनेही.

या खापराशी आपल्या जिल्ह्याचे नाते फार जुने आहे. संत मुक्ताबाई इ. स. १२९७ मध्ये तापीतीरी मेहूण येथे अंतर्धान पावल्या, असे परंपरा सांगते. त्यांच्याच नावाने एदलाबादचे मुक्ताईनगर झाले. त्यांची मांड्यांची आख्यायिका आपण कीर्तनात अनेकदा ऐकली आहे. मुक्ताईला मांडे करायचे होते. विसोबा चाटी यांनी कुंभारांना बजावले की, संन्याशाच्या या मुलांना कोणी खापर देऊ नये. मुक्ताई रिकाम्या हाताने घरी आली, तेव्हा ज्ञानेश्वर माउलींनी योगबळाने आपली पाठ तापवली आणि तिने त्यावर मांडे भाजले. पुढे विसोबा शरण आले. तेच नामदेवांचे गुरू विसोबा खेचर, असे मानतात.

कीर्तनात आपण चमत्कारावर माना डोलावतो. मला मात्र दुसराच विचार सुचतो. विसोबांनी पीठ अडवले नाही, गूळ अडवला नाही, नेमके खापर अडवले. कारण खापर घरी करता येत नाही. ते दुसऱ्याकडूनच आणावे लागते. एखाद्या घराला गावाबाहेर टाकायचे तर त्याच्या सणातले गोड बंद पाडायचे, हे त्या काळी लोकांना पक्के ठाऊक होते. गोड कोणाला मिळते यावरून गावात कोण आत आणि कोण बाहेर ते कळत असे.

याचीच दुसरी बाजू आखाजीला दिसे. वैशाख शुद्ध तृतीयेला आपल्याकडे जे चालते ते दिवाळीलाही नाही. पितरांच्या नावाने घागर भरायची, तिच्यावर डांगर ठेवायचे, आमरसाचा नैवेद्य दाखवायचा. जुन्या माणसांच्या तोंडी तोपर्यंत आंबा जात नसे. सासुरवाशिणी माहेरी येत. लिंबाच्या झाडाला झोके बांधले जात. आपल्या गावची लेक बहिणाबाई चौधरी, जन्म १८८० चा, माहेरच्या महाजन, तिला दिले जळगावला. वाट इतकी थोडी, तरी माहेर ते माहेर. ‘आखजी’ या नावाची तिची कविता १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बहिणाबाईंची गाणी’मुळे साऱ्या महाराष्ट्रात गेली. आपल्या गावच्या झोक्याचे एवढे मोठे नाव दुसऱ्या कोणी केले नाही.

आखाजीलाच सालदाराचे साल संपे आणि नवे सुरू होई. हिशेब व्हायचा, धान्य-पैका ठरायचा आणि त्या दिवशी सालदाराला आमरस-मांड्यांचे जेवण असे. आता एक गोष्ट लिहितो, ती स्मरणिकेत नको असे काहींना वाटेल. सालदाराचे ताट घरात मांडायचे, ओट्यावर मांडायचे की पदरात वाढून वाटेला लावायचे, हे घराघराप्रमाणे आणि खरे सांगायचे तर जातीप्रमाणे ठरे. खेड्यापाड्यांतून सर्रास तसे होते. माझे आजोबा सालदाराला शेजारी बसवून जेवत, असे घरात अभिमानाने सांगतात. परंतु सालदाराची बायको, जिने सकाळपासून पुरण वाटले, ती कुठे बसून जेवत असे, हे मी विचारले तेव्हा कोणालाच आठवेना.

गोडाचा मुख्य आधार गूळ. जळगावच्या दाणाबाजारातून भेली येई आणि ती माय फोडून डब्यात ठेवी. साखर म्हणजे सरकारी वस्तू. हा विषय माझ्या टेबलाचा असल्याने थोडे सविस्तर लिहितो. १९६७ पासून साखरेला दोन भाव होते, एक रेशनचा व एक खुल्या बाजाराचा. ऑगस्ट १९७८ मध्ये नियंत्रण उठले, भाव कोसळले, आणि डिसेंबर १९७९ मध्ये नियंत्रण पुन्हा आले. कारखान्यांवरील लेव्ही २०१३ साली गेली. आज अंत्योदय कार्डावर महिन्याला किलोभर साखर आहे, एवढाच त्या व्यवस्थेचा अवशेष उरला. माझ्या लहानपणी पांढऱ्या पिशवीतली रेशनची साखर उंच फडताळात असे. तिचा चहा पाहुण्याला आणि आम्हाला गुळाचा. गल्लीत लग्न निघाले की शेजारपाजारचे लोक आपापल्या कार्डावरची साखर त्या घरी नेऊन देत. त्याची नोंद कोठेही होत नसे. पुढच्या लग्नात ती फिटे.

१९७२ च्या दुष्काळाबद्दल मी ऐकलेलेच लिहू शकतो, कारण माझा जन्म नंतरचा. लोकांना मिलो ज्वारी खावी लागली. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्यांना सुकडी मिळे. गल्लीतले एक बाबा सांगत की, आम्ही निम्मी सुकडी खायचो आणि निम्मी पोरांसाठी धोतराच्या सोग्यात बांधून आणायचो. “गोड होती रे ती,” असे म्हणून ते थांबत. त्या वर्षीच्या आखाजीला मांडे झाले की नाही, हे त्यांना विचारायचे राहून गेले. आता बाबा नाहीत.

बाकीचे सण थोडक्यात सांगतो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानुबाई बसते. तिचे रोट भाऊबंदांनीच खायचे, बाहेर द्यायचे नाहीत. सगळे वाटून खाणाऱ्या गावात एवढे एकच गोड घरच्या चौकटीत राहते. मुंबई-पुण्याचे भाऊबंद त्यासाठी रजा काढून येतात. न बोलणारे सख्खे भाऊही रोटाला एका ठिकाणी बसलेले मी पाहिले आहेत. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलत नसतील, ते वेगळे. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई. गाणी संपली की बंद डबा कानाशी हलवून आतला खाऊ ओळखायचा. शेंगदाण्याचे लाडू आवाजावरून चटकन कळत. माझी धाकटी आत्या डब्यात फडके घालून ठेवायची, म्हणजे काही वाजूच नये. थंडीत तिळगूळ. (चंपाषष्ठीच्या भरिताबद्दल लिहायला हात शिवशिवतो, कारण असोद्याच्या वांग्याला तोड नाही. पण ते तिखट. विषय गोडाचा आहे.) होळीला साखरेचे हार-कडे. पोरे ते दिवसभर अंगावर मिरवायची आणि संध्याकाळपर्यंत कडे चाटून चाटून बांगडीएवढे बारीक व्हायचे.

आता आजचे. मांड्यांची ऑर्डर देता येते. जळगावात लग्नकार्यासाठी मांडे करून देणाऱ्या बाया आहेत, त्यांचा हात उत्तम आणि त्यातून त्यांचा संसार चालतो, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु आमच्या गल्लीत हातावर मांडा घेणाऱ्या दोघीच उरल्या आहेत. त्यांतली एक माझी मोठी माय, वय सत्तरीपुढचे. कलशारोहणाच्या भंडाऱ्याला काय गोड करावे यावर बैठकीत चर्चा झाली, तेव्हा मी मांड्यांचे नाव काढले. मोठी माय ओट्यावरूनच म्हणाली, “इतके हात कुठून आनू व माय?” बुंदी ठरली. हजारोंच्या पंगतीला तेच योग्य आहे. पंगत मात्र एकच धरायची, आत-बाहेर करायचे नाही, असेही त्याच बैठकीत ठरले, ते येथे मुद्दाम नमूद करतो.

नैवेद्यापुरते पाच मांडे मात्र घरी करायचे, हे मोठ्या मायने आपल्या अंगावर घेतले आहे. गल्लीतल्या तीन सुनांनी शिकायचे कबूल केले. जुने खापर तडकले होते म्हणून जळगावच्या बाजारातून नवे आणले. मोठ्या मायने ते बोटाच्या पेराने वाजवून पाहिले, कानाशी नेले, पुन्हा वाजवले आणि ठेवून घेतले. आता अडचण चुलीची आहे. आमच्या गल्लीत सगळीकडे स्लॅबची घरे आणि गॅस. ज्यांच्या मागच्या दारी जागा असेल आणि धुराला हरकत नसेल, त्यांनी समितीकडे कळवावे. पऱ्हाट्या आम्ही आणू.