छऱ्याची बंदूक की रायफल? हरणाच्या शिकारीचा एक जुना वाद

खडकीचे नाव निघाले की पुणेकराला दोन गोष्टी आठवतात. एक म्हणजे ५ नोव्हेंबर १८१७ ची लढाई, आणि दुसरी म्हणजे तेथील दारूगोळ्याचा कारखाना. पहिली आठवण सलते, दुसरीवर शेकडो घरांच्या चुली पेटल्या. या दोन्ही गोष्टींना जोडणारा एक धागा आहे, तो म्हणजे बंदुकीच्या नळीचा. हरणाच्या शिकारीला गुळगुळीत नळीची, म्हणजे छऱ्याची बंदूक घ्यावी की आटे पाडलेल्या नळीची रायफल घ्यावी, हा शिकाऱ्यांचा जुना वाद आहे. आज आम्ही तो वाद आपल्यापुढे मांडणार आहोत. शिकारीलाच बंदी असलेल्या काळात हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर इतकेच की, हा वाद केवळ नेमबाजीचा कधीच नव्हता. हत्यार कोणाच्या हाती असावे, पिकाची राखण कोणी करावी आणि मुक्या प्राण्याला मरण कसे यावे, असे तीन प्रश्न त्याच्या पोटात दडलेले आहेत.

प्रथम लढाईकडे पाहू. गणेशखिंडीच्या बाजूने बापू गोखल्यांचे घोडदळ निघाले, तेव्हा समोर कर्नल बर याची पलटण उभी होती आणि दापोडीहून कॅप्टन फोर्डची पलटण तिला येऊन मिळत होती. जरीपटक्याचे मानकरी मोरो दीक्षित त्या दिवशी पडले. मराठ्यांचा घोडा दलदलीत रुतला. बाजीराव पर्वतीवरून हे पाहात होते. त्या दिवशी इंग्रजांच्या शिपायांच्या हाती जी बंदूक होती, ती आजच्या छऱ्याच्या बंदुकीची सख्खी आजी म्हणावयास हरकत नाही. नळी आतून गुळगुळीत, तिचा व्यास सुमारे पाऊण इंच, आणि गोळी त्याहून जरा लहान. गोळी लहान का, तर दारूच्या काजळीने नळी भरली तरी ती गजाने झटकन ठासता यावी म्हणून. चकमकीची ठिणगी, कानातील रंजक, मग बार. कसलेला शिपाई मिनिटात तीन बार काढी. परंतु सैल गोळी नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर पडे, आणि शेवटचा धक्का ज्या बाजूस बसेल त्याच्या उलट बाजूस वळे. शंभर पावलांपलीकडे एका माणसावर नेम धरण्यात अर्थ नसे. म्हणून तर शिपायांनी रांग धरून, शत्रू जवळ आला म्हणजे एकदम बार काढावयाचे. सैन्याच्या रांगेला ही बंदूक पुरे. कारण एक चुकला तरी दुसऱ्याला लागे. पण माळावर एकटा उभा असलेला काळवीट म्हणजे सैन्याची रांग नव्हे.

नळीला आतून मळसूत्री आटे पाडले म्हणजे गोळी भोवऱ्यासारखी फिरत जाते, आणि फिरती वस्तू आपली दिशा सोडीत नाही, ही गोष्ट युरोपात फार पूर्वीपासून माहीत होती. अडचण होती ती ठासण्याची. आट्यांत गोळी घट्ट बसावयास हवी आणि घट्ट गोळी वरून ठासावयाची म्हणजे वेळ जावयाचा. फ्रान्समध्ये मिनिए याने १८४९ च्या सुमारास बुडाशी पोकळ असलेली लांबट गोळी काढली. ती सैल शिरे आणि बार होताच फुगून आट्यांत बसे. या युक्तीवर १८५३ ची एन्फील्ड रायफल बेतली गेली, आणि तिच्याच काडतुसांवरून १८५७ साली काय घडले ते आपणांस ठाऊक आहे. पुढे काडतूस मागून भरण्याची सोय झाली आणि ठासण्याचा प्रश्नच मिटला. याच बदलाच्या काळात, १८६९ साली, खडकीचा कारखाना उभा राहिला.

आता रानात येऊ. मराठी माणूस 'हरीण' हा शब्द फार सैल वापरतो. सांबर, चितळ, भेकर ही खरी मृगकुळातली. यांच्या नरांची शिंगे गळतात व पुन्हा उगवतात. काळवीट आणि चिंकारा ही कुरंगकुळातली. यांची शिंगे जन्माची. शिकाऱ्याच्या दृष्टीने मात्र भेद होता तो रानाचा. सांबर-भेकर सह्याद्रीच्या जंगलात राहावयाचे. तेथे झाडी दाट, आणि सावज दिसले तर तीस-चाळीस पावलांवर दिसावयाचे. काळवीट व चिंकारा पुण्याच्या पूर्वेस, बारामती-कर्जतच्या उघड्या माळावर. तेथे दोनशे पावलांच्या आत माणसाला येऊ देतील तर ती हरणे कसली! म्हणजे उत्तर सोपे दिसते: जंगलात छऱ्याची, माळावर रायफल. पण इतके सोपे असते तर वाद शिल्लक राहिला नसता.

छऱ्याच्या बंदुकीचे गणित पाहा. बारा बोअर म्हणजे काय? नळीत बरोबर बसेल अशी शिशाची गोल गोळी घेतली, तर अशा बारा गोळ्यांचे वजन एक पौंड भरते; नळीचा व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर. हरणासाठी जे मोठे छर्रे वापरीत, ते एका औंसात आठ येत. म्हणजे एका काडतुसात आठनऊच. नळीतून निघाल्यावर ते पसरत जातात. पक्ष्यासाठी बारीक छऱ्यांचे काडतूस असले, तर दोनशे छर्‍यांपैकी निम्मे गेले तरी भागते. पण नवांपैकी चार चुकले, दोन पायाला लागले, एक पोटात गेला, तर हरीण मरत नाही, ते पळते. काळजाची व फुप्फुसाची जागा एका पत्रावळीएवढी. तेथे दोनतीन छर्रे खोल शिरले तरच सावज जागच्या जागी पडावयाचे, आणि हे अंतर तीस पावलांच्या पलीकडे गेले की सगळे नशिबावर. घायाळ हरीण करवंदीच्या जाळीत शिरून दोन दिवसांनी मरे आणि तरसांच्या तोंडी जाई. शिकाऱ्याला मांस नाही, हरणाला सुटका नाही.

रायफलीची बाजू येथे भक्कम होते. एकच गोळी, जेथे नेम तेथे. परंतु तिचेही दोन दोष होते. पहिला दोष असा की, लष्करी काडतुसातील गोळीला वरून कठीण धातूचे पूर्ण कवच असते. अशी गोळी हरणाच्या अंगातून सुईसारखी आरपार जाते आणि ते घायाळ होऊन मैलभर पळते. म्हणून शिकारी लोक टोकाला मऊ शिसे उघडे ठेवलेली गोळी पसंत करीत. ती आत शिरताच पसरते. कलकत्त्याजवळच्या डमडम येथे १८९० नंतरच्या वर्षांत अशाच पसरणाऱ्या गोळ्या सैन्यासाठी तयार झाल्या, आणि १८९९ च्या हेग परिषदेत त्या युद्धात वापरू नयेत असे ठरले. गंमत पाहा: जी गोळी माणसावर झाडणे क्रूर ठरले, तीच हरणावर झाडणे दयेचे ठरले. यात विसंगती नाही. युद्धात शत्रूला लढण्यास असमर्थ केले की भागते; शिकारीत प्राण्याला अर्धमेला सोडणे हेच सर्वांत मोठे पाप.

दुसरा दोष पल्ल्याचा. रायफलीची गोळी चुकली तर ती दीडदोन मैल जाऊ शकते. दख्खनच्या सपाट माळावर हरणाच्या पलीकडे कोण असते? मेंढ्या राखणारा धनगर, कुळवावर बसलेला कुणबी, पाणी आणणारी बाई. छर्रा काहीशे पावलांत दमून खाली पडतो. म्हणजे ज्या माळावर रायफल हवी, त्याच माळावर ती सर्वांत धोक्याची. जाणता शिकारी मागे टेकाड असल्यावाचून चाप ओढीत नसे.

यातून मधली वाट काढण्याचा यत्न एका हिंदुस्थानातल्याच लष्करी अधिकाऱ्याने केला. कर्नल फॉस्बेरी याने १८८५ साली अशी नळी काढली की, ती सगळी गुळगुळीत आणि आटे फक्त तोंडाजवळच्या काही इंचांत. छर्रे घातले तर छऱ्याची बंदूक, भरीव गोळी घातली तर जवळपास रायफल. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या पेढीने ती 'पॅराडॉक्स' या नावाने विकली. कोड्याचे उत्तर म्हणून जी वस्तू निघाली, तिचे नावच कोडे ठेवावे, हे त्या कारागिरांच्या रसिकतेस शोभले. मात्र तिची किंमत साहेबाला वा संस्थानिकाला परवडणारी होती.

आणि येथेच वादाची खरी गाठ आहे. १८७८ साली लिटनच्या अमदानीत हत्यारांचा कायदा झाला. हिंदी माणसाला परवाना लागे. युरोपियनाला सूट होती. पुढे १९०७ साली .४५० बोअरची काडतुसे हिंदुस्थानात आणण्यास बंदी झाली, कारण ती लष्करी बंदुकांत चालत. सैन्याची .३०३ तर खाजगी माणसाला मिळणेच नव्हते. खडकीच्या कारखान्यात बोपोडी-दापोडीचे कामगार रायफलीची काडतुसे लाखांनी भरीत होते. पण त्याच कामगाराचा गावाकडचा भाऊ रात्री ज्वारी राखावयास बसे तो गोफण घेऊन, किंवा फार तर ठासणीची जुनी बंदूक घेऊन. एकाच खडकीत हत्याराचे दोन इतिहास नांदत होते.

स्वराज्य आले, तरी ही गाठ लगेच सुटली नाही. १९५९ चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्यात नागरिकाच्या बाबतीत एक उदार कलम आहे: संरक्षणासाठी वा खेळासाठी किमान वीस इंच नळीची गुळगुळीत बंदूक, आणि पीक राखण्यासाठी ठासणीची बंदूक, यांचा परवाना सामान्यतः द्यावा. रायफलीचे तसे नाही. तेरा वर्षांनी १९७२ चा वन्य जीव संरक्षण अधिनियम आला. त्यावेळी परवाना घेऊन काही प्राण्यांची शिकार करता येई. त्या कायद्याच्या सतराव्या कलमाने आपला जुना वाद एका वाक्यात निकालात काढला: मोठ्या शिकारीच्या वर्गातले प्राणी रायफलीनेच मारावेत, परवान्यात खास मुभा असेल तरच गुळगुळीत बंदूक वापरावी, आणि तीही एकच भरीव गोळी घालून. छर्रे बाद.

हरणाच्या बाजूने पाहिले तर हा निकाल योग्यच होता. पण दोन्ही कायदे शेजारी ठेवून वाचावेत. ज्या कुणब्याचे पीक हरीण खात होते, त्याच्या हाती एका कायद्याने ठासणीची बंदूक दिली. आणि तेच हत्यार हरणासाठी क्रूर व अयोग्य, असे दुसऱ्या कायद्याने ठरविले. हौशी शिकाऱ्याजवळ दयेचे हत्यार होते, गरज असलेल्याजवळ नव्हते. मग हरणांचा नाश कुणी केला? घायाळ जनावरे कुणब्याच्या छऱ्यांनी झाली, हे खरे. पण संहार केला तो त्याने नव्हे. दुसऱ्या महायुद्धानंतर मोडीत निघालेल्या जीपगाड्या, त्यांचे झगझगीत दिवे आणि लांब पल्ल्याची रायफल, या तिघांची युती झाली, तेव्हा माळावरचे कळप विरळ झाले. १९४७ साली कोरिया संस्थानात रात्री गाडीतून तीन चित्ते टिपले गेले आणि १९५२ साली देशातून चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले, ते याच रीतीचे फळ. ज्यांच्या हाती अचूक हत्यार, त्यांच्याच हाती अमर्याद संहार. अचूकपणा हा सद्गुण खरा, पण तो संयमाची जागा घेऊ शकत नाही.

फासेपारध्यांचा येथे उल्लेख केलाच पाहिजे. बैलाच्या आडून काळविटाजवळ सरकणारा आणि केसांच्या वा दोऱ्याच्या फाशात त्याला धरणारा हा माणूस. त्याला बंदूकच लागत नव्हती. त्याची विद्या पायांत आणि कानांत होती. राजाने चित्ता सोडून काळवीट मारला तर ती शिकार, साहेबाने रायफलीने मारला तर तो खेळ, आणि पारध्याने पोटासाठी धरला तर मात्र तो गुन्हेगार जमातीतला! हा शिक्का १९५२ साली कायद्याने पुसला गेला. लोकांच्या मनातून तो पुसण्याचे काम अजून बाकी आहे.

१९९१ च्या दुरुस्तीने शिकारीच्या परवान्यांची कलमेच काढून टाकली गेली, आणि त्यांबरोबर ते सतरावे कलमही गेले. छऱ्याची की रायफल, या प्रश्नाला कायद्याचे शेवटचे उत्तर मिळाले: दोन्ही नकोत. आज कर्जत तालुक्यात रेहेकुरीला काळविटांचे आणि बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयुरेश्वर येथे चिंकाऱ्यांचे अभयारण्य आहे. रेहेकुरीचे क्षेत्र अवघे सव्वादोन चौरस किलोमीटर. हरणाला कुंपण कळत नाही. ते शेजारच्या शेतात शिरते. सरकार पिकाच्या नुकसानीची भरपाई देते. ती हातात पडेपर्यंत शेतकऱ्याने रात्र जागून काढावयाची असते.

खडकीच्या कारखान्याची 'शक्तिमान' छापाची बारा बोअरची काडतुसे देशभर माहीत आहेत. तो कारखाना आता २०२१ साली निघालेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीखाली चालतो. काडतूस बनविणाऱ्याला ते कोणत्या बंदुकीत जाणार आणि कोणावर झाडले जाणार, हे ठाऊक नसते. ते ठरविणे समाजाचे काम. आमच्या समाजाने हरणाला अभय दिले, हे चांगलेच केले. पण अभय द्यावयाचे शहराने आणि त्याची किंमत मोजावयाची सुप्याच्या वा कर्जतच्या कोरडवाहू शेतकऱ्याने, ही वाटणी न्यायाची नाही. व्याख्यान ऐकून आपण घरी जाऊ, दिवे मालवू आणि निजू. त्याच वेळी तिकडे माळावर कोणीतरी मचाणावर बसून पत्र्याचा डबा वाजवीत असेल. बंदुकीचा वाद मिटला आहे. त्या डब्याचा आवाज ऐकण्याचे काम अजून आपल्याकडे आहे.